पिचोल्यातला जगनिवास

उदयपूरच्या पिचोला तलावात सुमारे चार एकरांच्या बेटावर जगनिवास उभा आहे. आज तो 'लेक पॅलेस' या हॉटेलच्या नावानेच ओळखला जातो. काठावरून पाहिलं तर बेट दिसतच नाही. पांढऱ्या भिंती थेट पाण्यातूनच वर आलेल्या. महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६ या काळात उन्हाळ्यातल्या मुक्कामासाठी तो बांधून घेतला. महालाचं तोंड पूर्वेला, कारण मेवाडचं घराणं सूर्यवंशी. सांगतात की, युवराज असताना त्यांनी शेजारच्या जगमंदिरात राहायची परवानगी मागितली, तेव्हा वडिलांनी सुनावलं, एवढी हौस असेल तर स्वतःचा महाल बांध.

मला मात्र या राजेशाही हौसेपेक्षा दोनशे वर्षांनंतरचा निर्णय मोलाचा वाटतो. संस्थानं विलीन झाली आणि असे महाल सांभाळणं परवडेनासं झालं. शशी कपूर यांचे सासरे, नाटक कंपनी घेऊन देशभर फिरणारे जेफ्री केंडल, १९५०च्या दशकात इथे आले तेव्हा महाल ओसाड होता. सोबतीला होते ते फक्त डासांचे थवे. अशा वास्तूचं पुढे काय होतं, हे आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांनी दाखवलंय. महाराणा भगवतसिंह यांनी तिचं हॉटेल करायचं ठरवलं. सजावटीचं काम दिलं दीदी कॉन्ट्रॅक्टर यांना. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर मुंबईत जुहूला राहिलेल्या या कलावंत बाईंनी पुढे हिमाचलात मातीची घरं बांधून नाव कमावलं. १९६३मध्ये हॉटेल सुरू झालं. १९७१मध्ये व्यवस्थापन ताजकडे गेलं, आणि १९८३च्या 'ऑक्टोपसी'ने जेम्स बाँडच्या चाहत्यांपर्यंत हा महाल पोचवला.

इथलं खरं वैभव म्हणजे पाणी, आणि सगळी अडचणही त्याचीच. पाहुणे धक्क्यावरून होडीनेच येतात. दूध, भाजी, चादरी, फुलं, जे काही लागेल ते सगळं पाण्यावरूनच आणायचं. रात्री अचानक काही संपलं, तर कोपऱ्यावरच्या दुकानात माणूस धाडायची सोय नाही. त्यातून पिचोला निसर्गाने दिलेला तलाव नव्हे. चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने तो बांधला असं मानतात, आणि त्याचं भरणं पावसावर, सीसारमा नदीच्या पाण्यावर अवलंबून. पाऊस सलग दोन-तीन वर्षं रुसला की तळ उघडा पडतो. अशा दुष्काळात लोक कोरड्या तळातून चालत महालापर्यंत गेले आहेत आणि होड्यांऐवजी जीपगाड्या धावल्या आहेत. शहराच्या पिण्याच्या पाण्याची भिस्तही याच तलावावर. त्यामुळे सीसारमाला पाणी आलं, की हॉटेलातल्या माणसांइतकाच आनंद जुन्या शहरातल्या घराघरांत होतो.