प्रवाळांचे ‘पुनर्रोपण’ आणि रायगडचा किनारा

संस्कृतातील ‘प्रवाल’ या शब्दाचे पोवळे व कोवळा अंकुर असे दोन्ही अर्थ होतात. प्रवाळसंवर्धनाची आजची परिभाषाही वनस्पतिसृष्टीतूनच आली आहे: रोपवाटिका, कलम, पुनर्रोपण. प्रवाळाचा जिवंत तुकडा कृत्रिम आधारावर बांधला असता तो वाढून आधारास चिकटतो, एवढ्यापुरती ती सार्थही आहे. मालवणच्या समुद्रात २०१० नंतरच्या दशकात हाच प्रयोग झाला.

परंतु प्रवाळ हा प्राणी होय. त्याला मुळे नसतात. भित्ती रचणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात व बहुतांश अन्न तीच पुरवितात. त्यांना सूर्यप्रकाश हवा. आंब्याच्या कलमाला जी माती पोसते, तीच प्रवाळाला गुदमरविते.

रायगडला अधिक जवळचा दाखला मुंबईचा. सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील १८ प्रवाळ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने हलविण्यात आल्या. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने त्यास अनुमती घ्यावी लागली. तेथे नोंदले गेलेले ऱ्हायझँजिडी कुलातील प्रवाळ भित्ती रचीत नाहीत. ते खडकाला धरून राहतात. त्यांना हलविणे हे स्थलांतर होय, उद्ध्वस्त भित्तीचे पुनरुज्जीवन नव्हे. दोहोंस ‘पुनर्रोपण’ म्हणणे सोयीचे असेल, यथार्थ नाही.

पाताळगंगा, अंबा, कुंडलिका व सावित्री यांचा गाळ रायगडच्या समुद्रात उतरतो. येथे मालवणचे अनुकरण करण्यापूर्वी पाण्याची गढूळता वर्षभर मोजावी लागेल, आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक आधी तपासावे लागतील.