जेवणाच्या सुट्टीतला प्रश्न

दिवाळीत आमच्या पेठ वडगावचे रूप बदलते. पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेली मुले वाठारच्या फाट्यावर उतरतात, पाठीवरच्या पिशव्या सावरत गावात शिरतात, आणि चार दिवस गावच्या रस्त्यांना कॉलेजच्या मधल्या सुट्टीची कळा येते. त्यांतली काही आठवणीने जुन्या मास्तरांच्या घरी डोकावतात. गेल्या वर्षी पाडव्याच्या संध्याकाळी असाच एक जण आला. पुण्यात एका विमा कंपनीच्या कचेरीत तो आठ वर्षे आहे. मुलगा गुणी, बोलायला मृदू.

फराळाचे ताट पुढे ठेवता ठेवता आमच्या सौभाग्यवतींनी, सगळ्या घरांत विचारला जातो तोच प्रश्न विचारला, "काय रे, लाडू कधी देणार आता?"

तो हसला, पण हातातली चकली त्याने परत ताटात ठेवली. ही आत गेल्यावर म्हणाला, "सर, वहिनी वर्षातून एकदा विचारतात. आमच्या ऑफिसात हा प्रश्न रोज जेवणाच्या सुट्टीत असतो. मी आठ वर्षं एक खोटी मुलगी सांभाळतोय."

मला प्रथम उलगडा होईना. मग त्याने सांगितले ते असे. लोकांची तोंडे बंद व्हावीत म्हणून त्याने एक प्रेयसी निर्माण केली होती. ती नाशिकची. शिक्षिका. तिचे वडील कडक, म्हणून लग्न लांबलेले. एकदा सुट्टीसाठी कारण हवे होते तेव्हा त्याने त्या वडिलांना हृदयविकार जडवला. "परवा एकानं विचारलं, सासऱ्यांची अँजिओप्लास्टी नीट झाली ना? मी बघतच राहिलो. मी त्यांना आजारी पाडलं होतं हेच विसरलो होतो, सर."

आम्ही दोघेही हसलो. मग तो खाली बघत म्हणाला, "मी ज्याच्याबरोबर राहतो ना, माझा रूममेट... चार वर्षं झाली. तो माझा रूममेट नाही."

गेल्या पावसाळ्यात त्या मुलाला डेंग्यू झाला. दवाखान्यात रात्रंदिवस कुणीतरी हवे होते. ह्याने साहेबांकडे रजा मागितली. कुणासाठी? मित्रासाठी. साहेब काही दुष्ट नव्हते, त्यांनी सहज विचारले, "त्याच्या घरचं कुणी नाही का?" सहकाऱ्याची बायको आजारी पडली तर अख्खी कचेरी दवाखान्यात डबे पोचवते, ह्याला तर आपले माणूस आजारी आहे एवढेही म्हणता येईना. नाशिकच्या सासऱ्यांसाठी रजा मिळाली होती, खऱ्या माणसासाठी मात्र अर्धा दिवस.

"सर, ऑफिसात सांगून टाकू का?"

मी बोलू शकलो नाही. मला एकदम २०१० साल आठवले.

त्या वर्षीच्या एक जानेवारीला 'नटरंग' चित्रपट आला. आमच्या जिल्ह्यात तर तो घरचाच, कारण मूळ कादंबरी लिहिणारे आनंद यादव कागलचे. पैलवानी अंगाचा गुणा कागलकर कलेपायी तमाशात नाच्या होतो आणि मग घरदार, गाव, इभ्रत सगळे कसे त्याच्यावर उलटते, ही ती कहाणी. थिएटरांत शिट्ट्या पडत होत्या. मी नवा, उमेदीचा प्राध्यापक. कादंबरी नेमलेली नसतानाही सिनेमाच्या निमित्ताने मी पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे तिच्यावर तास घेतला. गुणाचे दुःख समजावून सांगता सांगता, वर्गाला रंग यावा म्हणून मी त्याची चाल करून दाखवली. वर्ग खिदळला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते; पण मी तिसऱ्या बाकावरच्या एका हळू बोलणाऱ्या मुलाकडे बघून म्हणालो, "ह्याला शिकवावी लागणार नाही!" त्या दिवशीइतका यशस्वी तास मी क्वचितच घेतला असेल.

तो मुलगा कोण होता, हे मी साफ विसरून गेलो होतो. पाडव्याच्या संध्याकाळी तो समोर बसून म्हणाला, "तिसऱ्या बाकावर मीच होतो, सर." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

त्यानंतर महिन्याभरातच, ८ फेब्रुवारी २०१० ला, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात एक प्रकार घडला. डॉ. रामचंद्र सिरस तिथे आधुनिक भारतीय भाषांच्या विभागाचे प्रमुख होते. मूळचे नागपूरकडचे, विषय मराठी. कवी होते, त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' ह्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. निवृत्तीला अवघे काही महिने उरले होते. त्या रात्री ते विद्यापीठाच्या आवारातल्या आपल्या घरी एका पुरुषाच्या सहवासात असताना, कॅमेरा घेऊन माणसे आत घुसली. चित्रीकरण झाले. विद्यापीठाने निलंबित केले ते सिरसांना. परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्यांपेक्षा तेच अपराधी ठरले. राहते घरही सोडायला सांगितले. त्यापूर्वीच, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे खाजगीतले, राजीखुशीचे संबंध गुन्हा नव्हेत असे सांगून टाकले होते. सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली. ७ एप्रिलला भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत सापडले. तो मृत्यू कसा झाला ह्याचे कोडे सुटले नाही. पुढे त्यांच्यावर 'अलीगढ' नावाचा चित्रपट निघाला आणि मनोज बाजपेयींनी त्यांची भूमिका केली, तेव्हा पुष्कळांना हे नाव प्रथम कळले.

आम्हां मराठीच्या मंडळींना आधीच कळले होते. आमच्या प्राध्यापक-कक्षात वर्तमानपत्र आले, बातमी वाचली गेली. महाराष्ट्राबाहेर इतक्या दूर आपली भाषा शिकवणारा, आपल्याच पेशाचा, आपल्याच विषयाचा माणूस! कुणीतरी एक चावट विनोद केला. सगळे हसले. मीही हसलो आणि घड्याळ बघून तासाला गेलो.

आता कुणी म्हणेल, ही सगळी शहरांची नि परदेशची थेरं. आमच्या कोल्हापूरकडे ह्याचे काय? अहो, आमच्याकडे तर ही माणसे युगानुयुगे आहेत! मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाणाऱ्या गाड्या आमच्याच जिल्ह्यातून भरभरून निघतात. साडी नेसलेला, कपाळी भंडारा माखलेला, डोईवर जग घेतलेला जोगता दारात आला की आमच्या आयाबाया पदर पसरून त्याच्या पाया पडतात. राजन गवसांनी 'भंडारभोग'मध्ये त्या जोगत्याच्या आयुष्याची होरपळ मांडली आहे. जोगता वेगळा, तमाशातला नाच्या वेगळा, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष किंवा स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री वेगळी, आणि जन्माने मिळालेली स्त्री वा पुरुष ही ओळख ज्यांना आपली वाटत नाही त्या पारलिंगी व्यक्ती वेगळ्या. ह्यांची सरमिसळ करू नये. मी स्वतः ती बरीच वर्षे करीत आलो. पण आपली वागणूक सगळ्यांशी एकच. देवळात चालेल, बोर्डावर चालेल. बँकेच्या खिडकीमागे, शाळेच्या फळ्यापुढे, शेजारच्या टेबलाशी मात्र नको. पाया पडू, शिट्टी वाजवू. पण डबा उघडून शेजारी बसणार नाही.

ह्या विषयावर सरळ बोलण्याची किंमत मराठी माणसाने मोजलेली आहे. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईच्या विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते उत्तरे देत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही शंका असत. त्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण शंका विचारणारे वाचक त्या काळीही होते, हे मला त्यातले महत्त्वाचे वाटते. अलीकडे पुण्याच्या बिंदुमाधव खिरे ह्यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून, परत येऊन २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला आणि ह्या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली. माझ्या विद्यार्थ्याला त्यांची 'पार्टनर' कादंबरी कॉलेज सुटल्यावर मिळाली. "आपल्या भाषेत आपल्याबद्दल कुणी लिहिलंय, हे कळायला मला एकवीस वर्षं लागली, सर." मी मराठीचा एम. ए. ते पुस्तक त्याला मी द्यायला हवे होते.

कायद्याची वाट सरळ झाली नाही. दिल्लीचा निकाल ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून कायमचे बाहेर काढले. लग्नाचा हक्क मात्र २०२३ च्या ऑक्टोबरात नाकारला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगओळख ह्यांवरून केलेला छळही घातला. म्हणजे माझा तो 'यशस्वी' तास एखाद्या विद्यार्थ्याने घेतला असता, तर त्याच्यावर कारवाई करता आली असती!

पण कोर्टाने तुरुंगाचे दार उघडले तरी कचेरीतल्या जेवणाच्या टेबलापर्यंत निकाल आपला आपण चालत जात नाही. बीड जिल्ह्याच्या पोलीस दलातल्या ललिता साळवेंचे उदाहरण घ्या. शस्त्रक्रिया करून पुरुष म्हणून जगायचे, नोकरीही टिकवायची, म्हणून त्यांनी २०१७ साली उघडपणे रजेचा अर्ज केला. खात्याने नाकारला, नियमात असे काही बसतच नव्हते. न्यायालयाचे उंबरे झिजवल्यावर शेवटी शासनाने मान्यता दिली. २०१८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे शिपाई म्हणून पुन्हा कामावर आले. आज ते पती आहेत, पिता आहेत. बीडच्या एका पोलीस शिपायाला हे जमते. अडून राहिली होती ती एका कागदावरची सही.

नोकरी दिली की झाले, असेही नाही. कोची मेट्रोने २०१७ साली तेवीस पारलिंगी व्यक्तींना कामावर घेतले, देशभर वाहवा झाली. महिन्याभरात त्यांतल्या आठ जणांनी काम सोडले; शहरात त्यांना कुणी परवडेल अशी खोली भाड्याने देईना. घरमालक म्हणजे तुम्हीआम्हीच की.

तर त्या संध्याकाळी मी त्याला काय सांगितले? 'बेधडक सांगून टाक' असे म्हणायचा मोह झाला होता. पुस्तकी माणसाला दुसऱ्याच्या धैर्यावर टाळ्या वाजवायला आवडते. पण भीती त्याची होती, नोकरी त्याची होती. त्यातून त्याच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी इचलकरंजीची. "ऑफिसात सोमवारी सांगितलं तर वडगावला कधी कळेल, सर?" तो म्हणाला, "त्याच सोमवारच्या बाजारात!" त्याचे वडील त्या बाजारात गेली तीस वर्षे बैलांचे सौदे जमवतात.

मग आम्ही दोघे हिशेब मांडायला बसलो. कंपनीच्या नियमपुस्तकात भेदभावाविरुद्ध काही लिहिले आहे का? तक्रार कुणाकडे जाते? त्याच्या आधी कुणी सांगितले आहे का, आणि त्या माणसाची बढती नंतर झाली की राहिली? गाठीला सहा महिन्यांचा पगार आहे ना? दोघांच्या नावाने बँकेत खाते आहे का? नव्हते; देत नाहीत अशी त्याची समजूत. असे खाते उघडायला आणि जोडीदाराचे नाव लावायला आडकाठी नाही, हा खुलासा अर्थखात्याने २०२४ च्या ऑगस्टमध्ये केला आहे, हे विम्याच्या धंद्यातल्या माणसाला मराठीच्या मास्तराने सांगितले! आणि शेवटी एवढे म्हणालो, की सगळ्यांना सांगायचे काय कारण? आधी एकालाच सांग. कुणाला, कधी, हे तू ठरव. सिरसांना ते ठरवू दिले नव्हते.

तो निघताना मी त्याची क्षमा मागितली, तिसऱ्या बाकाबद्दल. तो म्हणाला, "सर, तुमची चाल मात्र चुकली होती. गुणा असा चालत नाही."

यंदा जूनमध्ये त्याचा फोन आला. त्याने एकाच व्यक्तीला सांगितले, आणि ती नेमकी इचलकरंजीची! जेवणाच्या सुट्टीत, सगळे उठून गेल्यावर. ती बराच वेळ काही बोलली नाही. डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले. मग म्हणाली, "म्हणजे नाशिकचे सासरे अगदी ठणठणीत आहेत म्हण की!" दुसऱ्या दिवसापासून टेबलावर कुणी लग्नाचा विषय काढला की ही बाई पगारवाढीचा विषय काढते. साहेबांना अजून ठाऊक नाही. वडगावच्या घरीही नाही.

ह्या दिवाळीत तो एकटा येणार नाही. त्याच्या घरी पाहुणा 'रूममेट' म्हणूनच उतरेल. पाडव्याला दोघे आमच्याकडे जेवायला आहेत. आमच्या सौभाग्यवतींना मी सगळे सांगितले, अर्थात त्याला विचारून. त्या दिवशी तिचे कामात लक्ष नव्हते, रात्री उशिरा म्हणाली, "मीच विचारलं होतं ना, लाडू कधी म्हणून?" आणि मग चकलीची भाजणी काढता काढता, "तो दुसरा मुलगा कुठल्या बाजूचा आहे, तेवढं विचारून ठेवा. आपलं कोल्हापूरचं तिखट त्याला सोसेल ना?"