परसातले पेव

सांगलीकडच्या व्यापारी घरांत ‘पेव’ म्हटले की हळदच आठवते. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरच्या भुईत खोल खणलेली, अरुंद तोंडाची ती कोठारे. त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. २००५ च्या महापुराचे पाणी शिरून त्यांतील पुष्कळशी निकामी झाली. शब्द मात्र राहिला. म्हणूनच हळदीच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या सुनेने रोपवाटिकेतून कुंडी आणून “आई, हे पेव” असे सांगितले, तेव्हा सासूबाईंना प्रथम हसूच आले.

हे पेव म्हणजे सह्याद्रीच्या रानात ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत पावसाळ्यात फुलणारी एक बहुवर्षायू वनस्पती. काही ठिकाणी तिला पेवा म्हणतात, संस्कृतात केमुक. हळद आणि आले यांची ती निकटची नातलग. पूर्वी तिची गणना त्यांच्याच कुळात होत असे, आता तिचे कूळ वेगळे मानतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडी ग्रंथातही तिचे चित्र आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे कोष्ठ मात्र निराळे. ते हिमालयातील एका वनस्पतीचे मूळ असून पेवाच्या जुन्या शास्त्रीय नावातील ‘कॉस्टस’मुळे दोहोंची गल्लत होते. रोपवाटिकांत ‘इन्शुलिन’ म्हणून विकले जाणारे नारिंगी फुलांचे झाडही याच कुळातले, परंतु ते दक्षिण अमेरिकेतून आलेले आहे. खरेदी करताना एवढी खूण ध्यानात ठेवावी: आपल्या पेवाचे फूल पांढरे असते.

पेठेतील घरांची रचना वाचकांच्या परिचयाची आहे. पुढे दुकान, मध्ये माजघर, मागे वखार, आणि वखारीच्या भिंतीला लागून चार-सहा हात रुंदीचे परस. दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्यामुळे ऊन सकाळी तासभर येते आणि निघून जाते. अशा जागी तुळस खुरटते, गुलाब रुसतो, मोगरा नुसती पाने काढतो. मग तेथे रिकामी पोती, मोडका तराजू आणि तेलाचे डबे साठत जातात. सोय नाही म्हणून टाकून दिलेली ही जागाच पेवाला मानवते. त्याला भर दुपारचे ऊन सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. अगदी काळोखही चालत नाही, कारण तेथे दांडे लांबच लांब वाढून उजेडाकडे कलतात आणि फुले धरत नाहीत. सकाळचे कोवळे ऊन किंवा शेजारच्या आंब्यातून झिरपणारा कवडसा त्याला पुरतो.

या झाडाचा दांडा सरळ वाढत नाही, जिना चढावा तसा वळत वळत वर जातो आणि त्याभोवती एकेक पान पायरीसारखे मांडलेले असते. पानाच्या खालच्या अंगाला रेशमासारखी मऊ लव असते. चांगल्या मातीत दांडे पुरुषभर उंच होतात. श्रावणाच्या सुमारास शेंड्यावर तांबड्या खवल्यांचे कणीस येते आणि त्यातून रोज एखाददुसरे फूल उमलते. झिरझिरीत कागद चुरगळून पुन्हा उलगडावा तसे पांढरे, मध्ये पिवळसर. जी मोठी पाकळी दिसते ती वास्तविक पाकळी नसून वांझ पुंकेसर एकत्र जुळून बनलेला पडदा असतो. फूल एकच दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी कणसावर दुसरे असते. भाद्रपदात, पर्युषणाच्या दिवसांत, बहर बहुधा चालू असतो. फुले सरल्यावर तांबडी खवले तशीच राहतात, त्यांत तांबडी फळे धरतात आणि फळातील काळ्या बियांभोवती पांढरा गर असतो.

लागवडीत अवघड असे काही नाही. वखारीमागची माती बहुधा दडपलेली व निःसत्त्व असते, म्हणून तीत कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळावा. जमीन ओलसर हवी, परंतु पाणी तुंबता कामा नये. एक जागा ठरवताना चोहोबाजूंनी दीड-दोन हात मोकळे ठेवावे, कारण पेव दरवर्षी पसरते. कुंडीत लावायचे तर कुंडी रुंद असावी आणि तिच्याखाली ताटली ठेवू नये. ताटलीतल्या साचल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि पुढे त्या मारण्याचा प्रसंग येतो. तो मुळातच टाळलेला बरा. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी या झाडास चालते. वाळलेली पाने झाडून जाळू नयेत. बुंध्याशी त्यांचा थर राहिला की ओल टिकते आणि त्यात आसरा घेतलेले जीवही सुरक्षित राहतात. एखादी अळी पान कुरतडताना दिसली तरी फवारणीचे कारण नाही. चार पाने गेल्याने पेव मरत नाही.

खरी अडचण या घरात तिसऱ्या वर्षी उभी राहिली.

पहिल्या वर्षी सुनेने ज्येष्ठात, चातुर्मास लागण्यापूर्वी, कुंडीतले रोप मातीच्या गोळ्यासकट जमिनीत बसवले होते. मार्गशीर्षात दांडे पिवळे पडले, पौषात सारे वाळून गेले. झाड मेले असे समजून नोकराने जागा खणायला घेतली, ती सुनेने थांबवली. पेव हिवाळ्यात वरून नाहीसे होते. भुईत त्याचा आडवा कंद निजलेला असतो. या काळात पाणी जवळजवळ बंद करावे, वाळके दांडे खूण म्हणून तसेच राहू द्यावेत. वळवाचे पाणी पडले की लालसर कोंब वर येतात. तसे ते आले. तिसऱ्या वर्षी दांड्यांचे दाट बेट झाले, आणि कराडला दिलेल्या लेकीने, म्हणजे सुनेच्या नणंदेने, “वहिनी, मला त्यातले थोडे दे” म्हणून मागणी केली.

बागकामाची पुस्तके याचे उत्तर एका ओळीत देतात: कंद खणावा, डोळे पाहून तुकडे करावेत, लावावेत. सासूबाईंचा कंदमूळत्याग चाळीस वर्षांचा. त्या म्हणाल्या, “खायचा नसला म्हणून काय झाले, सुरी तर त्यावरच चालवायची ना?” सुनेने हळूच विचारले, “मग आपली हळद?” प्रश्न बोचरा होता, कारण घराची तीन पिढ्यांची मिळकत कंदावर उभी. बहुतेक जैन घरांत ओली हळद व आले वर्ज्य मानतात आणि वाळलेली हळद व सुंठ घेतात. सासूबाईंनी तेच सांगितले आणि पुढे म्हणाल्या, “तो पोटाचा धंदा आहे. हा हौसेचा.”

हा भेद नुसता घरगुती नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील प्रमादचर्या म्हणजे प्रयोजनावाचून भूमी खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे इत्यादी. बाग हे प्रयोजन होय की नव्हे, यावर मतभेद होऊ शकतो. पण प्रश्न विचारलाच जाऊ नये असे म्हणता येत नाही.

सुनेने मग दुसरा मार्ग सुचवला. पेव दांड्याच्या तुकड्यापासूनही येते. दोन-तीन पेरांचा तुकडा ओल्या वाळूवर आडवा ठेवला की पेरांतून कोंब फुटतात. कंदाला हात लावावा लागत नाही. सासूबाई स्वाध्यायाला बसणाऱ्या. त्यांनी गोम्मटसारातील खूण सांगितली: जी वनस्पती छेदली असता पुन्हा उगवते, तिची गणना साधारणात, म्हणजे एका शरीरात अनंत जीव असलेल्यांत, होते. मग कंद वाचवून दांडा कापल्याने दोष कितीसा टळला? सुनेला यावर उत्तर सुचले नाही. येथे सासूबाईंचे म्हणणे अधिक सुसंगत होते, हे मान्यच करावे लागेल. शाकाहारी बागकामाची जी सोपी चित्रे हल्ली रंगवली जातात, त्यांत हा प्रश्न येतच नाही.

तोडगा पावसाने काढला. भाद्रपदातल्या एका रात्री जोराची सर येऊन कणसाच्या भाराने वाकलेला एक दांडा बुंध्यातून मोडला आणि पाचोळ्यावर आडवा पडला. पेवाच्या दांड्यांना ही सवयच असते. रानातही ते असे आडवे होतात आणि जेथे मातीला टेकतात तेथे मुळे सोडतात. कणसाखाली कधीकधी छोटी रोपटीही धरतात. दिवस चातुर्मासाचे, त्यामुळे खणण्याचा प्रश्नच नव्हता. सुनेने पडलेला दांडा जागचा हलवला नाही, केवळ त्यावर मूठभर कुजलेली पाने पसरली. सासूबाईंनी पाहिले आणि त्या काही बोलल्या नाहीत.

महिन्याभराने दांड्याच्या दोन पेरांशी हिरवे कोंब दिसू लागले. दांडा मधे कुजून आपोआप सुटला होता. कार्तिकी चतुर्दशीस चातुर्मास संपल्यावर त्यांतला एक कोंब पाचोळ्यासकट उचलून नारळाच्या करवंटीत ठेवला आणि कराडला पाठवला. तेथे तो वाड्याच्या उत्तरेकडील भिंतीशी आहे. हिवाळ्यात तोही दिसेनासा होईल, हे नणंदेला दोनदा बजावून सांगावे लागले.

दुसरा कोंब सांगलीतच राहिला. परस झाडताना बाईच्या केरसुणीने तो खरवडला जाऊ नये म्हणून सासूबाईंनी त्याच्याभोवती तीन विटा मांडून ठेवल्या आहेत.