आठ रुपयांचा शेअरही महाग असू शकतो

13 जून 2023 रोजी एमआरएफच्या एका शेअरचा भाव एक लाख रुपयांवर गेला. त्याच सुमारास व्होडाफोन आयडियाचा शेअर आठ रुपयांच्या आत मिळत होता. यातला स्वस्त कोणता?

नुसत्या भावावरून ते कळतच नाही. एमआरएफचे एकूण शेअर जेमतेम 42 लाख, व्होडाफोन आयडियाचे 4,800 कोटींहून जास्त. भाव आणि शेअरसंख्या यांचा गुणाकार केला, की दोन्ही कंपन्यांचं बाजारमूल्य 40 हजार कोटींच्या आसपास येतं. म्हणजे बाजार दोघींना जवळपास सारखीच किंमत देत होता. फरक असा, की एमआरएफ नफ्यात होती, आणि व्होडाफोन आयडियाचा 2022-23 चा तोटा होता सुमारे 29,300 कोटी. नुसता भाव पाहणारा लहान गुंतवणूकदार नेमका इथेच फसतो.

मग जाणकार सांगतात, ‘पीई’ पाहा, म्हणजे भाव भागिले प्रतिशेअर नफा. सल्ला बरा आहे, पण पोलाद, सिमेंट, साखर अशा चढउताराच्या धंद्यांत तो उलटा पडू शकतो. टाटा स्टीलने 2021-22 मध्ये 41 हजार कोटींहून अधिक एकत्रित नफा कमावला, तेव्हा पीई अगदी चार-पाचावर, म्हणजे शेअर स्वस्त वाटावा असा होता. पुढच्याच वर्षी नफा आठ हजार कोटींवर आला आणि त्यानंतरच्या वर्षी चक्क तोटा झाला. अशा उद्योगात एका वर्षाचा नफा धरू नये. तेजी आणि मंदी दोन्ही येतील इतक्या वर्षांची सरासरी काढावी.