कुरकुरीत म्हणजे कोरडं: एअर फ्रायर आणि खारातली काकडी

‘एअर फ्रायर आल्यापासून घरातलं तळण जवळजवळ बंद झालं. पण खारातल्या काकडीची भजी त्यात काही केल्या होत नाहीत. पीठ जाळीतून खाली गळतं, उरलेलं काकडीवर ओलंच राहतं. कढईत होतं ते यात का होत नाही?’ मंचरच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला हा प्रश्न. काकडीच्या जागी खारातली मिरची घ्या नाहीतर कैरीची फोड, प्रश्न तोच राहतो.

प्रश्न त्या भागातून यावा हे साहजिकच आहे. कुकडी आणि घोड नद्यांवरच्या धरणांनी जुन्नर-आंबेगावची शेती बागायती केली. नारायणगावचा टोमॅटो, आळेफाटा-ओतूरचा कांदा, सातगाव पठारावरचा बटाटा यांच्या जोडीला काकडी आणि मिरचीही तिथे भरपूर पिकते. भाव पडला की माल टिकवायचा कसा, हा विचार तिथल्या घराघरांत होतो आणि मीठ हे त्याचं सगळ्यात जुनं उत्तर. आता खारातल्या फोडीला ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत करायची टूम आली आहे. टूम नवी असली तरी तिच्यामागचं विज्ञान आपल्या माळ्यावरच्या डब्यात कधीचं भरून ठेवलेलं आहे.

त्या डब्यात सांडगी मिरची असते. मिरचीला चीर देऊन आत मीठमसाला भरायचा, ती ताकात मुरवायची आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळवायची. पुढे वर्षभर कधीही गरम तेलात टाकली की काही सेकंदांत कुरकुरीत. आंबट, खारट, तिखट आणि कुरकुरीत असं सगळं एकत्र. तळलेलं लोणचं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? या मिरचीचं निम्म्याहून अधिक काम तेलाने केलेलं नसतं, उन्हाने केलेलं असतं.

कुरकुरीतपणाचा सगळा हिशोब पाण्याचा आहे. पिठातल्या स्टार्चमध्ये पाणी अगदी कमी उरलं की तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. दाताखाली तो वाकत नाही, तडकतो. आपल्याला ऐकू येतो तो या तडकण्याचा आवाज. थोडं पाणी परत शिरलं की तोच स्टार्च लवचीक होतो. आषाढात उघडा राहिलेला पापड सादळतो तो यामुळेच. म्हणून पदार्थ कुरकुरीत करायचा म्हणजे त्याच्या वरच्या थरातलं पाणी काढायचं, आणि आतलं पाणी बाहेर येऊन तो थर पुन्हा भिजवणार नाही हे बघायचं.

पाणी काढणं मात्र फार खर्चाचं काम आहे. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचं तापमान याच्या वर चढत नाही. दिलेली सगळी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत पाणी तापवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या पाचपटींहून जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते. ही उष्णता किती झटपट पोहोचवता येते, यावर भजी जमणार की बिघडणार हे ठरतं.

कढईतलं १८० अंशांचं तेल भज्याला सगळ्या बाजूंनी बिलगतं. पिठातल्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते, तिचे बुडबुडे फसफसत वर येतात आणि गळायला वेळ मिळण्याआधीच पीठ जागच्या जागी घट्ट होतं. लिटरभर तेल जितकी उष्णता धरून ठेवतं, तिचा हजारावा भागही लिटरभर गरम हवेत मावत नाही. त्यामुळे एअर फ्रायरमध्ये सरबरीत पिठाला घट्ट व्हायला वेळ लागतो. तोवर गुरुत्वाकर्षण आपलं काम उरकतं आणि पीठ जाळीखाली जातं. मंचरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे मिळालं.

मग या यंत्रात काहीच कसं होत नाही म्हणायचं? बटाट्याच्या फोडी तर छान होतात. ती किमया पंख्याची. जानेवारीतल्या पहाटे ओतूरहून माळशेजकडे मोटारसायकलवर निघालेल्या माणसाला विचारा. गाडी उभी असताना सोसवणारी थंडी गाडी पळायला लागली की हाडांत शिरते, हवेचं तापमान तेच असूनसुद्धा. आपल्या अंगालगत हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो आणि तो पांघरुणाचं काम करतो. वारा ते पांघरूण ओढून नेतो. एअर फ्रायरमध्ये हेच उलट्या दिशेने घडतं. फोडीभोवती थंड, दमट हवेचं पांघरूण असतं. पंखा ते सतत ओरबाडून काढतो, गरम कोरडी हवा थेट पृष्ठभागाला भिडवतो आणि सुटलेली वाफही पळवून नेतो. वाऱ्याचा असा उपयोग न्यूटननेही केला होता. १७०१ साली स्वतःचं नाव न घालता छापलेल्या निबंधासाठी त्याने तापलेलं लोखंड निवायला ठेवलं, ते वाहत्या वाऱ्यात.

म्हणजे एअर फ्रायर ही लहानशी, जोरदार पंख्याची भट्टी आहे. त्यात तळण होत नाही, भाजणं होतं. पंख्याची भट्टीही आजची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला अमेरिकेत विल्यम मॅक्सन या संशोधकाने विमानातलं गोठवलेलं जेवण गरम करायला पंख्याची छोटी भट्टी बनवली होती. १९४७ साली तो वारला आणि ती कल्पना मागे पडली. फ्रेड फान डर वेइ या डच संशोधकाने घरगुती यंत्र घडवलं आणि २०१० साली फिलिप्सने ते ‘एअरफ्रायर’ या नावाने बाजारात आणलं. मायक्रोवेव्हचा मात्र याच्याशी संबंध नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशातून ज्या रेडिओ लहरी ऐकतात, त्यांचीच भावंडं मायक्रोवेव्हमध्ये असतात. ती पदार्थातल्या पाण्याला तापवतात, भोवतालची हवा थंडच राहते. वाफ बाहेर येऊन पृष्ठभागावरच साचते. म्हणून त्यात गरम केलेला वडा मऊ पडतो.

आता उरलेलं निम्मं उत्तर. वाऱ्याला झटपट वाळवणं जमत नसेल, तर त्याच्या हाती आधीच वाळलेली वस्तू द्यावी. ब्रेडचा चुरा ही तीच युक्ती. तो आधीच भाजलेला, कोरडा आणि सच्छिद्र असतो. त्यातून वाफेला वाट मिळते, आणि वाऱ्याकडे उरतं ते फक्त मधल्या पातळ थराला घट्ट करण्याचं आणि चुऱ्याला खरपूस करण्याचं काम. अमेरिकेत तळलेल्या लोणच्याचं श्रेय अर्कान्सॉ राज्यातल्या ॲटकिन्स गावच्या बर्नेल ऑस्टिन यांना देतात. १९६३ साली त्यांनी आपल्या रस्त्याकाठच्या हॉटेलात ते विकायला सुरुवात केली, आणि गावात लोणच्याचा कारखाना होता! स्थानिक मालाला स्थानिक डोक्याने दिलेलं हे रूप नारायणगाव-मंचरच्या उद्योजकांनी जरूर लक्षात घ्यावं.

कुरकुरीतपणाइतकाच महत्त्वाचा असतो खमंगपणा, आणि इथे मला एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की तांबूस रंग आणि खमंग वास तयार होतो. १९१२ साली लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने याची नोंद केली. पेशी प्रथिनं कशी घडवतात हे शोधत असताना त्याला हे दिसलं. त्याचं नाव या क्रियेला मिळालं आणि आज स्वयंपाकाच्या प्रत्येक व्हिडिओत ते ऐकू येतं. पण या क्रियेत नेमकं काय काय घडतं, याचा नकाशा काढला तो जॉन हॉज यांनी, आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

हॉज हे कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. १९४१ पासून ते इलिनॉय राज्यातल्या पिओरियाच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत होते. पेनिसिलिनचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन करायची रीत जिथे विकसित झाली, तीच ही प्रयोगशाळा. सुकवून साठवलेली अन्नं रंगाने काळवंडत, चवीला बिघडत. ते का, हा व्यवहारातला प्रश्न होता. विखुरलेले शेकडो प्रयोग वाचून, जुळवून हॉज यांनी १९५३ साली एक निबंध लिहिला. तीन टप्पे आणि सात प्रकारच्या क्रिया, अशी त्या गोंधळाची मांडणी त्यांनी केली. सत्तर वर्षं उलटून गेली तरी अन्नरसायनाचे विद्यार्थी तीच आकृती शिकतात. ज्या देशात काळ्या माणसांना शाळेपासून बसपर्यंत वेगळं बसवलं जात होतं, तिथे हे काम झालं. या क्रियेला मायार-हॉज म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

हॉज यांच्या नकाशावरून आपल्या काकडीलाही रस्ता सापडतो. ही क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते आणि आंबटपणात मंदावते. खारातली काकडी ओली आणि आंबट, म्हणजे खरपूस व्हायला दोन्हीकडून नालायक. तिच्यावर आयता भाजलेला चुरा चढवला की खमंगपणाची बाजू तो सांभाळतो.

याच क्रियेची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९७ साली स्वीडनमध्ये एका रेल्वे बोगद्याच्या कामात गळती बुजवायचं रसायन पाण्यात मिसळलं, गाई लुळ्या पडल्या, मासे मेले. त्यात ॲक्रिलामाइड होतं. कामगारांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या, पण तुलनेसाठी तपासलेल्या, बोगद्याजवळही न गेलेल्या लोकांच्या रक्तातही त्या निघाल्या. शोध घेता घेता माग स्वयंपाकघरात पोहोचला आणि एप्रिल २००२ मध्ये जाहीर झालं की बटाटा, धान्य असे पिठूळ पदार्थ जास्त तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड आपोआप तयार होतं. ते तेलामुळे होत नाही, तापमानामुळे होतं. म्हणून ‘एअर फ्रायरमध्ये हा धोकाच नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, त्याचे काप लवकर लाल-काळे होतात आणि हा घटकही त्यांत जास्त तयार होतो. सोनेरी रंगावर थांबावं, हा नियम कढईला आणि यंत्राला सारखाच.

आता प्रत्यक्ष कृती. खारातल्या काकडीच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करून सुती कापडावर पसरा, वरून दुसरं कापड दाबा आणि अर्धा तास तशाच राहू द्या. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट. मग चकत्या कोरड्या तांदळाच्या पिठात घोळवा. पीठ उरलेली ओल शोषतं आणि पुढच्या थराला धरायला जागा देतं. नंतर बेसनाच्या पातळ घोळात किंवा फेटलेल्या अंड्यात बुडवून निथळू द्या. तापल्यावर यातली प्रथिनं गोठून चुरा चिकटवून ठेवतात. ब्रेडच्या चुऱ्याला आधीच चमचाभर तेल चोळून तो तव्यावर किंचित परता. तेवढं तेल कणाकणांतल्या फटी भरतं, उष्णता आत पोहोचवतं. आवरणात मीठ अजिबात नको. चकत्या एकाच थरात, एकमेकींना न चिकटवता मांडा. ढीग केला की वाऱ्याची वाट बंद. २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. ताटात न काढता जाळीवर काढा, नाहीतर खालची वाफ चुरा सादळवते.

जुन्नर-आंबेगावच्या मासवडीने यात भर घालता येईल. मासवडीच्या सारणातले तीळ वजनाने जवळजवळ निम्मे तेलच असतात, सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. ते भाजून, भरड कुटून चुऱ्यात मिसळलं तर वेगळं तेल चोळायची गरज उरत नाही आणि चव थेट गावाकडची येते. मात्र तीळ-खोबरं लवकर करपतं, म्हणून तापमान १८० अंशांवर ठेवा.

शेवटी यंत्राबद्दल स्पष्ट सांगायचं तर, एअर फ्रायर तेल वाचवतो हा दावा खरा आहे आणि तेल वाचणं चांगलंच आहे. कुरडई त्यात तेलातल्यासारखी फुलत नाही आणि कांदाभजी कढईतच करावी. आणखी एक, खाराचं मीठ कोणताही वारा उडवून नेत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तेव्हा चकत्या साध्या पाण्यात धुऊन मगच पुसा, चार-पाच खा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेत असाल तर एक-दोनवर थांबा.