स्काऊट शिबिर आणि श्रमाची समता

१९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर श्रीमंतांची व श्रमिकांची मुले एकाच छावणीत ठेवली. तेथून स्काऊट चळवळ सुरू झाली. आजच्या उन्हाळी शिबिरात ध्वजवंदन, दोरीच्या गाठी, प्रथमोपचार व शेकोटी असते. आम्हांस मात्र मोलाची वाटते ती कामांची पाळी. स्वयंपाक, पाणी, शौचालयाची सफाई प्रत्येक संघाकडे क्रमाने येते. ज्या व्यवस्थेने झाडू जन्मावरून वाटला, तिला हे कृतीतून दिलेले उत्तर होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातील धम्मदीक्षेच्या अथांग जनसमुदायात समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांनी शिस्त राखली, ती स्वाभिमानातून. पालकहो, पाल्याच्या हाती झाडू दिसल्यास खंत करू नये. उद्या तो संघनायकाच्याही हाती असेल.