जंतूंची तपासणी जेटीवरच झाली तर?

मासा ताजा आहे की नाही, हे आपण कल्ले आणि डोळे बघून सांगतो. पण साल्मोनेला किंवा व्हिब्रिओ डोळ्याला दिसत नाही, नाकालाही कळत नाही. आज नमुना प्रयोगशाळेत जातो, तिथे जंतू वाढवून बघतात. साल्मोनेलाचा पक्का निकाल यायला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर ताजा मासा विकून, खाऊनही झालेला असतो!

यावर उपाय म्हणून नव्या सेन्सरवर काम चालू आहे. साखर तपासायचं ग्लुकोमीटर आपल्या बऱ्याच घरांत आहे, हेही त्याच जातीचं. पट्टीवरच्या इलेक्ट्रोडला सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा किंवा ग्राफीनचा थर देतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण त्या मापातले. त्यामुळे थोड्या जागेत मोठा पृष्ठभाग मिळतो आणि वीज चांगली वाहते. थरावर ठरावीक जंतूलाच धरणारी प्रतिपिंडं बसवतात. बांगड्याचं जाळं वेगळं, सुरमईचं वेगळं, तसंच हे. जंतू अडकला की विजेचा संकेत बदलतो आणि यंत्र आकडा दाखवतं. हे काम काही मिनिटांत ते तासाभरात होऊ शकतं.

मग अडलंय कुठे? माशाचा चिकटा, रक्त, चरबी पट्टीवर बसली की आकडा चुकतो. शिजवलेल्या कोळंबीच्या 25 ग्रॅममध्ये एकही साल्मोनेला नको, असा युरोपचा नियम आहे. इतके थोडे जंतू पकडायचे तर आधी काही तास वाढवावेच लागतात. म्हणून निर्यातीला प्रयोगशाळेचा दाखला लागणारच. कुणी यंत्र विकायला आलं तर विचारा: कुठला जंतू, कुठल्या मासळीत, आणि प्रयोगशाळेच्या निकालाशी ताडून बघितलंय का?

आम्हांला वाटतं, सुरुवात पाणी आणि बर्फापासून व्हावी. पाण्यात चिकटा नाही, चरबी नाही, त्यामुळे तपासणी सोपी. आणि गरजही तिथेच जास्त. 2024 मध्ये कुटबण जेटीवर कॉलराची साथ आली, खलाशी आजारी पडले, ते आपण विसरलेलो नाही. कॉलराचा जंतूही व्हिब्रिओच, आणि तो दूषित पाण्यातून पसरतो.

सेन्सर येईल तेव्हा येईल. तोवर एवढं पाळूया:
• बर्फ पिण्याच्या पाण्याचाच घ्या.
• क्रेट आणि मासळी जेटीखालच्या पाण्यात धुऊ नका.
• मासळी पकडल्याबरोबर बर्फात घाला. उन्हात व्हिब्रिओ झपाट्याने वाढतो, 5 अंशांखाली त्याची वाढ थांबते.
• खलाशांना ट्रॉलरवर पिण्याचं स्वच्छ पाणी आणि जेटीवर संडास हवाच. मालकांनो, हे आधी बघा.